परक्या आट्यांचा डबा

पौड, ता. मुळशी
६ नोव्हेंबर १९७८

नसीर,

तुला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मी मोडत नाही हे तुला चांगलं माहीत आहे. तेव्हा याला पत्र समजू नकोस. ही मागणी आहे.

माझ्या सायकलीच्या मागच्या चाकाचा उजवा नट फुटला. पिरंगुटच्या उतारावर फुटला. मी पडले नाही, हे तुला काळजी वाटायच्या आत सांगते. वाटणार नाही, हेही माहीत आहे. पौडात सायकलवाला एकच, भैरू. पंक्चर सोडून जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे हातोडी हे एकच औषध आहे. त्याला मी सायकलीला हात लावू देणार नाही.

सायकल कुठली ते सांगायला नको. सिस्टर क्लोतिल्द फ्रान्सला परत जाताना मला देऊन गेल्या ती. अब्बा गेले, त्यांच्या चाळिसाव्याला मी ती तुझ्या दुकानातून काढली आणि कॅम्पापासून पौडापर्यंत चालवत आणली. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून तू तिचं तोंड पाहिलं नाहीस, आणि माझंही. सायकल माझी होती, मी नेली. डबा मी फक्त मागितला होता. "डबा दुकानाचा आहे, आपा," असं तू भरल्या दस्तरखानावर, तोंडातला घास न गिळता मला सांगितलंस.

बिस्किटांच्या त्या जुन्या डब्यात अब्बा परके आटे ठेवायचे. आपल्याकडच्या नि इंग्रजी सायकलींना जे नट लागत नाहीत ते सगळे त्यात. त्यातले फ्रेंच नट साऱ्या पुणे जिल्ह्यात एकाच सायकलीच्या उपयोगाचे, आणि ती सायकल माझ्या पडवीत उभी आहे. सायकल इथं आणि तिचे नट तिथं, अशी वाटणी करायला फार मोठं डोकं लागतं. ते आपल्या दोघांत मिळून निघालं.

मी दवाखान्यातून निवृत्त झाले तरी बाळंतपणं निवृत्त झालेली नाहीत. नवी नर्स आहे, पण तिला कुत्र्यांची भीती वाटते. त्यामुळे वाड्यावस्त्यांवरची माणसं अजून माझंच दार वाजवतात. मला सायकल लागते. डबा मागत नाही. त्यातला एक नट पाठव.

फहमिदा

ता. क. पुणे-पौड गाडीचा कंडक्टर सोपान सांगत होता की तू दुकान विकतोस आणि अमजदकडे जमशेदपूरला कायमचा जातोस. मुलाकडे जायचं तर जा. पण ही बातमी मला यष्टीच्या कंडक्टरकडून कळावी, हे फारच छान झालं.


पौड
२१ नोव्हेंबर १९७८

नसीर,

तुझं कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर दोन शब्द: "माप कळव." उरलेली जागा तू कशासाठी राखून ठेवली आहेस? टपाल खात्याला परत द्यायला?

सहा वर्षांनी बहीण लिहिते आणि भाऊ माप विचारतो. बरं. माप घेतलं. शाळेतल्या कंपासपेटीतली पितळी पट्टी अजून माझ्याकडे आहे. तिनं मोजलं. एक्सलची जाडी तीन अष्टमांश इंच. आता "कॉन्व्हेंटच्या पट्टीनं सायकल मोजतात का" असं म्हणू नकोस. तू म्हणणारच. मला शाळेत घातलं आणि तुला दुकानात बसवलं, हे अब्बांनी ठरवलं. सिस्टरांच्या सायकली ते सांभाळायचे म्हणून सिस्टरांनी मला वर्गात बसू दिलं. मी सहा वर्षांची होते. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मीही दुकानच मागितलं असतं. तिथं निदान खाली बसायला मिळायचं. शाळेत सिस्टर बर्नार्डा मला बाकावर उभी करायच्या, बहुतेक वेळा उलट बोलल्याबद्दल.

हसू नकोस.

सोपानला तू विचारलंस म्हणे, "आपा अजून तशाच बोलतात का?" आणि त्यानं उत्तर दिलं, "न्हाई, आता जास्त." दोघांच्याही जिभेला हाड नाही. त्याला मी सुनावलंच आहे. तो तोंड पाडून म्हणाला, "बाई, म्या खोटं न्हाई बोललो." तर नट त्याच्याकडेच दे, तो आणून देईल.

आणि जायची तारीख कळव. म्हणजे त्यानंतर मी उगाच कॅम्पाच्या पत्त्यावर लिहिणार नाही.

फहमिदा


पौड
९ डिसेंबर १९७८

श्री. नसीर इलाही मुलाणी यांस,

आपण पाठवलेला नट मिळाला. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. चिठ्ठी नव्हती. आभारी आहे.

आता पुढचं ऐक.

नट बोटांनी लावला. तीन वळसे असा गेला की मला अब्बा आठवले. चौथ्याला अडला. गंज असेल म्हणून रॉकेलचा थेंब सोडला आणि पाना लावला. अर्धा वळसा गेला. मग मी पान्याच्या दांड्यात पाण्याच्या नळाचा तुकडा अडकवला आणि त्यावर वजन टाकलं. शेजारची फुलाबाई भाकऱ्या टाकायच्या सोडून बघायला आली होती. ती म्हणाली, "बाई, न्हाई जात तर ऱ्हाऊ द्या की. त्यो काय ऐकतोय व्हय?" मी तिला म्हटलं, माझ्या बापाचं सायकलीचं दुकान होतं. ती म्हणाली, "व्हय, पर तुमचं न्हवतं ना."

आणि कड्कन आवाज झाला.

एक्सलचं टोक पिळवटलं. आटे गेले. नट तिथंच रुतून बसला आहे. ना पुढं जात, ना मागं येत. तू इंग्रजी नट पाठवलास, नसीर. मला फ्रेंच हवा होता. फरक तुला कळत नाही असं मी मरेपर्यंत मानणार नाही. इंग्रजी नटाला इंचात सव्वीस आटे. फ्रेंच आटा बरोबर मिलिमीटरचा, म्हणजे इंचात पंचविसाहून जरा जास्त. जाडी जवळजवळ तीच, म्हणून नट लागतो. लागतो आणि फसवतो. दोन-तीन वळसे अगदी आपला असल्यासारखा फिरतो आणि मग आट्यावर आटा चढतो. अब्बा हे तुला शिकवत होते तेव्हा मी मागं बसून पाढे पाठ करत होते. पाढे विसरले, हे विसरले नाही. "नट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. पाना फक्त शेवटच्या वळशाला. त्याआधी पाना लागला तर समजा, तो नट दुसऱ्या कुणाचा आहे." त्यांच्या तोंडी हे दिवसातून दहादा असायचं.

तू मुद्दाम केलंस, असंच मी समजते. डबा दिला नाहीस आणि वर सायकलही मोडलीस. आता दोघांकडेही काही राहिलं नाही. झालं समाधान?

काल साळूबाईची सून अडली. वस्ती डोंगरापलीकडे. मी कंदील आणि पिशवी घेऊन चालत गेले. बाळ नि बाळंतीण दोन्ही ठीक आहेत, त्यात तुझा काही हात नाही. जाताना वाटेत तुला जे जे म्हणायचं होतं ते मोठ्यानं म्हणून घेतलं, म्हणून हे पत्र इतकं मवाळ उतरलं आहे.

फ. इ. मुलाणी
निवृत्त परिचारिका


पौड
३ जानेवारी १९७९

नसीर,

तुझं पत्र आलं. दोन्ही बाजूंना लिहिलेलं. मी ते दोनदा वाचलं, कारण तुझं अक्षर अजून आऱ्यांसारखं चहूकडे जातं.

तू लिहितोस, "सिस्टरांच्या सायकलीच्या मागच्या चाकाच्या मधला फ्रेंच हब मी स्वतः काढून इंग्रजी हब बसवला होता, सेहेचाळीस साली. अब्बांनी मला पहिल्यांदा पूर्ण चाक एकट्याला बांधायला दिलं ते हेच. ते मी विसरेन का? म्हणून इंग्रजी नट पाठवला. तूही तीन अष्टमांश कळवलंस, मग शंका कशाला घ्यायची? तुझी सायकल मोडायला मला वेड लागलं आहे का?"

नसीर, तो हब अब्बांनी परत बदलला होता.

तुला कुणी सांगितलं नाही, हे मला आज तुझं पत्र वाचून कळलं. त्या दिवशी मी सुट्टीवर घरी आले होते. तू चाक बांधून, गल्लीभर दाखवून, जेवायला गेलास. अब्बांनी चाक फिरवून पाहिलं. तुझं चाक उत्तम होतं, एका रेषेत फिरत होतं. ते म्हणाले, "पोरानं बांधलंय झकास. पण सायकल सिस्टरांची आहे, तिच्याच आट्यावर राहू दे." आणि दुपारभर बसून त्यांनी तुझ्याच रिमवर जुना हब परत चढवला. तुझे आरे, तुझी रिम, त्यांचा हब. तू परत आलास तेव्हा सायकल भिंतीला लावलेली होती आणि अब्बा चहा पीत होते. ते बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. त्या चाकाचं काम पुढं अब्बाच करत राहिले, तरी मला वाटलं, तुला दिसलंच असेल.

म्हणजे तू आठवणीवर गेलास आणि मी पट्टीवर गेले. आटे दोघांनीही मोजले नाहीत. ते मोजायचे असतात हे आपल्या दोघांना माहीत होतं. आपण एकाच बापाची मुलं आहोत यात कुणाला संशय असेल तर आता राहू नये.

मुद्दाम केलंस असं मी लिहिलं होतं. ते वाक्य खोडून टाक.

तुझ्या पत्रात असंही आहे की अब्बांनी या सायकलीचा एक अख्खा फ्रेंच एक्सल मेणकापडात गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवलेला आहे, छर्रे धरणाऱ्या दोन्ही कोनांसकट, आणि तू तो काढलेल्या हबचा उरलेला समजत आलास. मला माहीत नव्हतं. आता प्रश्न असा की चाक टपालानं पाठवता येत नाही. आणि एक्सल पाठवलास तरी तो बसवायला इथं मी आहे आणि भैरू आहे, आणि दोघांचा लौकिक तुला कळलेला आहे.

पुण्याहून सकाळी निघणारी गाडी बावधनला फार वेळ काढते, पण बसायला जागा मिळते. मी रविवारी घरीच असते. माझ्या भावजयीला, चाँदबीला, आणायचं असेल तर आण. तिला तिखट चालत नाही हे मी विसरलेले नाही, जरी ती तसं समजत असली तरी.

आपा


पौड
३१ जानेवारी १९७९

नसीर,

तू सोपानला गाडीत सांगितलंस म्हणे, "आपांनी हाकललं." मी तुला हाकललं नाही. रविवारी काय झालं ते मी नीट लिहून काढते, म्हणजे तू हजार मैल लांब गेलास की आपल्या दोघांकडे निदान एकच हकीगत राहील.

तू दारात आलास. कापडी पिशवीत डबा होता, तो मी पिशवीच्या आकारावरून ओळखला. मी म्हणाले, "उशीर केलास." तू म्हणालास, "अर्ध्या तासाचं बोलतेस की सहा वर्षांचं?" मी आत जाऊन पाणी आणलं. इथवर कुणी कुणाला हाकललेलं नाही.

चाँदबी आली नाही. तिची कंबर दुखते हे तू सांगितलंस, आणि मी त्यावर काहीही बोलले नाही. हे नोंदवून ठेव.

अंगणात चाक काढलंस. रुतलेला नट बघून तू मान वर न करता विचारलंस, "नळाचा पाईप लावलास ना?" मी म्हटलं, तुला कसं कळलं. म्हणालास, "आटे बघ कसे पिळवटलेत. डोकं अब्बांचं आहे तुझं, पण जोर अम्मीचा." फुलाबाई कुंपणाला टेकून उभी होती. ती खदखदून हसली आणि म्हणाली, "भाऊ व्हय तुमचं? नाक तर अक्षी तुमचंच हाय की. तवाच म्हनलं, ह्ये बी ऐकायचं न्हाईत कुनाचं." तू तिला म्हणालास, "मावशी, मी ऐकतो. ऐकून ऐकून तर टक्कल पडलं."

मी हसले होते. तू पाहिलं नसशील, मी पाठमोरी होते.

मग तू डबा उघडलास. अब्बा नट कधी सुटा ठेवायचे नाहीत. प्रत्येक नट त्याच्या त्याच्या आट्याच्या तुकड्यावर चढवलेला, जोडीनं. इतकी वर्षं गेली तरी एकही जोडी मोडलेली नव्हती. तू त्या सगळ्यांना तेल लावलेलं होतंस. जो माणूस दुकान मोपेडच्या सुट्या भागांसाठी विकतो, तो फ्रेंच नटांना तेल कशाला लावतो, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

छर्रे ग्रीसमध्ये बसवलेस, एक्सल घातलास, कोन जुळवलेस. मग नट माझ्या हातात दिलास. "बोटांनी," म्हणालास. मी फिरवला. तो शेवटपर्यंत गेला. इतका सहज गेला की मला रागच आला. पाना तू शेवटच्या वळशाला लावलास. चाक फिरवलंस. आवाज नाही, डुलणं नाही. आपण दोघं उभे राहून ते आपोआप थांबेपर्यंत बघत राहिलो.

जेवलास. दोनदा रस्सा घेतलास. इथवर सर्व ठीक.

मग तू हात पुसत म्हणालास, "आपा, अकरा तारखेला रविवारी मी अब्बांचा बोर्ड उतरवतो. तू ये. एका बाजूनं तू धर."

नसीर, मला हो म्हणायचं होतं. हे खरं आहे, पण सांगायला उशीर झाला. तोंडातून आलं ते असं: "चढवताना मला कुणी बोलावलं होतं? आता उतरवायला बरी आठवण झाली." तू म्हणालास, "चढवला तेव्हा तू हॉस्टेलवर होतीस." मी म्हणाले, "आणि उतरवताना तू जमशेदपुरात असायला हवा होतास. म्हणजे मोपेडवाल्यानंच तोडून काढला असता आणि निदान बोल तरी परक्याला लागला असता. अब्बांनी जन्म घातला त्या दुकानात. मी तुझ्यासाठी शिडी धरायला येणार नाही."

तू बोलला असतास तर बरं झालं असतं. मला बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. तू पाने पुसून पिशवीत ठेवलेस. डबा तसाच अंगणात राहू दिलास. मी म्हटलं, डबा विसरतोस. म्हणालास, "तो आता सायकलीजवळ राहू दे." मग खाली वाकून तो मोडका एक्सल उचललास, रुतलेल्या नटासकट. मी म्हणाले, "ते भंगार कशाला नेतोस?" तू म्हणालास, "हे आता निघत नाही. माझ्याकडे असू दे." आणि मी म्हणाले, "भंगार गोळा करायची तुझी खोड काही जात नाही."

हे शेवटचं वाक्य. याला हाकलणं म्हणतात का?

गाडीला अवकाश होता. तरी तू जाऊन थांब्यावर उभा राहिलास, उन्हात, वडाखाली सावली असताना. मी दारातून बघत होते. तू वळून पाहिलं नाहीस. मीही हाक मारली नाही. फुलाबाई म्हणाली, "आवो, बोलवा की त्यास्नी. च्या तरी घेतील." मी तिला म्हटलं, तू तुझ्या भाकऱ्या बघ.

अकरा तारखेला मला जमणार नाही. चांद्याला एक बाळंतीण आहे, तिचे दिवस भरत आले आहेत. कधी बोलावणं येईल सांगता येत नाही.

सायकल चांगली चालते.

आपा


पौड
४ मार्च १९७९

प्रिय नसीर,

जमशेदपूरचा पत्ता सोपाननं मिळवून दिला. दुकानाच्या शेजारच्या शिंप्याकडे तू ठेवून गेला होतास, पण माझ्यासाठी म्हणून नाही, असं शिंपी म्हणाला. त्याला काय कळतं.

तू अठराला गेलास. गाडी किती वाजता होती हे मला नंतर समजलं.

चांद्याच्या बाळंतिणीचं सांगते. तिचे दिवस भरत आलेले नव्हते. ती गेल्या आठवड्यात बाळंत झाली, मुलगी झाली. मी सायकलवर गेले, घोटावडे ओलांडून. चढावर उतरून ढकलावी लागली, त्यात सायकलीचा दोष नाही.

अकरा तारखेला मी आले होते.

सकाळच्या गाडीनं निघाले. सोपानला बजावलं होतं की तुला सांगायचं नाही, आणि एवढी एकच गोष्ट त्यानं आयुष्यात पोटात ठेवली. जाताना मी मनात वाक्यं जुळवत होते. बावधनपर्यंत तीन जुळली. तिन्ही चांगली होती, एकाही वाक्याला टोक नव्हतं. कॅम्पात उतरून चालत गल्लीच्या तोंडाशी आले. समोरच्या बेकरीच्या दारात पावाच्या पाट्या उतरवत होते, त्यांच्या मागं उभी राहिले.

तू शिडीवर होतास. दुसऱ्या बाजूनं शिंप्यानं बोर्ड धरला होता. खाली गल्लीतली माणसं, चहाचे ग्लास, कुणीतरी काहीतरी बोललं आणि तू हसलास. वर उभा राहून, एका हातानं बोर्ड धरून, अब्बांसारखा मान मागं टाकून हसलास. उतरवताना बोर्ड खालचा वर झाला होता आणि पाठीनं तुझ्या छातीशी टेकला होता, इलाही सायकल मार्ट ही अक्षरं रस्त्याकडे. मला ती उलटी दिसत होती, पण त्यातलं "ला" अजून तसंच वाकडं आहे. तू रंगवलं होतंस लहानपणी, आणि अब्बांनी ते सुधारू दिलं नाही कुणाला.

मला एवढंच करायचं होतं की रस्ता ओलांडायचा. मी ओलांडला असता तर तू हसायचा थांबला असतास. हे मला तिथं उभं राहून अगदी स्वच्छ कळलं. माझ्याकडे बघून तुझा चेहरा आधी तयार होतो. काय ऐकावं लागेल त्याची तयारी करतो. तू पौडला आलास त्या रविवारी दारात मी तो पाहिला होता आणि उन्हानं डोळे बारीक झाले असं समजले होते.

मी परत फिरले. बेकरीवाल्यानं विचारलं, "बाई, काय पाहिजे?" मी म्हटलं, काही नाही. मग बरं दिसत नाही म्हणून पाव घेतला. तो फुलाबाईला दिला.

हे तुला दोष द्यायला लिहीत नाही. हे वाक्य मी तीनदा लिहिलं, कारण पहिल्या दोन वेळा ते दोष दिल्यासारखंच उतरत होतं.

सोपाननं काल आणखी एक गोष्ट सांगितली. महिनाभर तीही त्याच्या पोटात होती, म्हणजे आता दोन झाल्या. आमच्या इथून तू परत गेलास त्या दिवशी तो गाडीवर होता. म्हणाला, "तुमचं भाऊ खिडकीला बसलं व्हतं. हातात त्यो गंजका तुकडा, नट अडकल्याला. सारखं त्यो नट बोटांनी फिरवाय बघत व्हतं. म्या इचारलं, काय वो ह्ये? तर म्हनलं, आपाचा जोर हाय. आन् पार कोथरूड येस्तवर हातातच धरून बसलं." मी सोपानला विचारलं, रागानं म्हणाला का? तो म्हणाला, "न्हाई वो बाई. रुमालात गुंडाळून खिशात ठिवलं. राग आल्याली वस्तू मानूस गुंडाळून ठिवतंय व्हय?"

मी त्याला त्याचं तिकिटाचं काम बघायला सांगितलं.

डबा माझ्या खोलीत आहे. कधीमधी एक जोडी काढते, नट सोडवते आणि बोटांनी परत चढवते. सगळे जातात. इटालियन, फ्रेंच, आणि तो एक चपटा, ज्याचा देश अब्बांनाही माहीत नव्हता. प्रत्येकाचा जोडीदार तिथं आहे. डब्यात जागा फक्त तळाशी रिकामी आहे, एक्सल होता तिथं, आणि तिथलं मेणकापड मी काढलेलं नाही.

तिकडची हवा कशी आहे ते लिही. चाँदबीच्या कंबरेला गरम विटेचा शेक दे, आणि हे मी सांगितलं असं तिला सांगू नकोस, म्हणजे ती घेईल. अमजदला दुवा.

एक मागणी आहे. ही शेवटची, आणि या वेळी खरंच नट मागत नाही. अमजदच्या कारखान्यात करवती असतील, पोलाद लोण्यासारखं कापणारी यंत्रं असतील. तो तुकडा एखाद्या दिवशी त्याच्या नजरेला पडेल. पोरगं चांगलं आहे, म्हणेल, अब्बा, आणा इकडे, दोन मिनिटांत नट वेगळा करून देतो.

देऊ नकोस.

आपा